शेवटच्या पेटीतला रस

गावंडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वितळलेल्या लोखंडाकडे पाठ करून उभ्या होत्या.

हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फाउंड्रीत माझा तो पहिलाच दिवस होता. आधीची नऊ वर्षं मी यंत्रकामाच्या कारखान्यात काढली होती. तिथे लोखंड गार होऊन, गप्प होऊन यायचं. इथे ते पांढरं होऊन डोक्यावरून चाललं होतं. क्रेनला टांगलेली मोठी बादली, म्हणजे लॅडल, वाळूचे साचे असलेल्या पेट्यांच्या रांगेवर आली. ओतणाऱ्याने हळूच चाक फिरवलं आणि रसाची धार पहिल्या पेटीत पडू लागली. सगळ्यांचे डोळे त्या धारेवर. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई मात्र भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून उभ्या. मला वाटलं, धग सोसत नसेल.

तिसऱ्या पेटीला त्यांनी मान न वळवताच हात वर केला.

"ही बाद."

"आवो बाई, भरली की काठोकाठ," ओतणारा म्हणाला.

"भरली. पण मध्ये एकदा गुडगुडली. बाद करा."

दुसऱ्या दिवशी त्या पेटीतला नग कापून माझ्या टेबलावर आला. तपासणी विभागात मी नवा, म्हणून मुद्दाम पाठवला असावा. कापलेल्या चकचकीत पृष्ठभागावर मधोमध एक काळपट रेघ होती. पातळ, वाकडी, कागदाची घडी पडावी तशी. ती हवा आणि मळी एकत्र गिळल्याची खूण होती. रस शांत वाहिला तर त्याच्यावरची मळी वरच तरंगत राहते. तो उसळला, तुटला, स्वतःभोवती फिरला, की मळी आत ओढतो, आणि लोखंड गार झालं की ती तिथेच, कायमची. बाहेरून नग देखणा दिसतो. मॅडम यासाठी एकच वाक्य वापरायच्या: "घाईत गिळलेलं बाधतं."

प्रमिला गावंडे मूळच्या अकोटच्या. नागपूरला धातुशास्त्र शिकल्या आणि लग्नानंतर पुण्याला आल्या. यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन परत अकोटलाच गेली, आणि मॅडम ससाणेनगरच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. यापलीकडे त्यांच्या आयुष्याबद्दल मला फारसं कळलं नाही, आणि त्यांनी कळू दिलं नाही. कारखान्यात त्यांचं काम एकच: रसाने साच्यात कुठून शिरावं, कुठे थांबावं, कुठे वळावं, त्या वाटा आखायच्या. अंगात सुती सलवार-कमीज, वरून पुरुषी मापाचा जाड खाकी शर्ट, पायात लोखंडी टोकाचे बूट. बोलणं एरवी पुस्तकी, पण संतापल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. त्या "काऊन?" म्हणून जाब विचारू लागल्या की शॉपवरचे, म्हणजे ओतकामाच्या शेडमधले, लोक आपापले कोपरे शोधायचे.

वाहतं काहीही त्यांना स्वस्थ बसू देत नसे. कँटीनवाला उंचावरून चहाची धार धरायचा, फेस काढायचा. मॅडम त्याच्या हातातलं भांडं काढून घेऊन पेल्याच्या कडेने चहा सोडायच्या. "फेस पाहिजे कायले? हवा प्यायला आलो का आम्ही?" त्यांच्या डब्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. आमच्या डब्यातली आमटी एकदा चाखून त्यांनी वाटी परत सरकवली होती. "गूळ पडला की ती आमटी राहत नाही, खोकल्याचं औषध होते." हे मालकांपर्यंत पोहोचलं. आमचे मालक बेहेरे साहेब अस्सल सदाशिव पेठेतले. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण आमच्याकडे खोकला कमी आहे, हे त्यांनी पाहिलेलं दिसत नाही."

कुंडलिक काका म्हणजे तो ओतणारा. जवळच्याच मांजरी गावचे. घरची बरीचशी जमीन इमारतींखाली गेलेली, उरलेल्यात थोडा ऊस. वीस वर्षं लॅडलचं चाक त्यांच्याच हातात होतं, आणि एका बाईने भिंतीकडे बघत आपली पेटी बाद करावी हे त्यांना पचत नव्हतं. ते मॅडमशी कामापुरतंच बोलत, तेही लॅडलकडे बघून.

एके दिवशी जेवणानंतर मॅडमनी कँटीनच्या टेबलावर एक पारदर्शक प्लास्टिकची पेटी आणून ठेवली. आमच्या साच्याचीच हुबेहूब आखणी होती ती. वर ओतायची वाटी, तिथून खाली उतरणारी नळी, आडवा पन्हळ, आणि टोकाला नगाचा पोकळ आकार. बाजूला पाण्याची बादली. पाण्यावर राजगिऱ्याच्या लाह्या टाकलेल्या.

"काका, ओता."

"बाई, म्या पानी न्हाय ओतत. लोखंड ओततो. वीस वर्सं झाली."

"म्हणून तर तुमच्या हाताने पाहायचं आहे. माझ्या हाताला ती सवय नाही."

काकांनी तांब्या उचलला. हात खरंच सुरेख होता. धार एकसारखी, वाटी काठोकाठ, लाह्या वरच्या वर डुलत राहिलेल्या. खालच्या नळीतून नितळ पाणी आकारात चढत होतं. लोक बघत होते, काकांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं होतं. तेवढ्यात मॅडम मागून म्हणाल्या, "काका, तुमचा फोन वाजून राह्यला."

काकांनी मान वळवली. क्षणभरच. धार बारीक झाली, वाटीतलं पाणी अर्ध्यावर उतरलं, तिथे एक छोटा भोवरा फिरला, आणि लाह्या एकामागून एक नळीत शिरल्या. काकांनी परत वाटी भरली, पण लाह्या आकाराच्या कोपऱ्यात जाऊन चिकटल्या होत्या. कितीही पाणी घातलं तरी निघेनात.

"फोन वाजत न्हवता," काका म्हणाले.

"नाही."

"पर रोज कायतरी वाजतंच की." तांब्या त्यांनी हळूच खाली ठेवला.

त्या दिवसापासून काका ओतताना फोन कपाटात ठेवू लागले. ओतण चालू असताना कोणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियमच झाला, आणि खुद्द बेहेरे साहेबांनाही काकांनी एकदा हाताने गप्प केलं. मॅडम आणि काका यांची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. पण काका आता त्यांच्याकडे बघून बोलायचे.

आमचा मुख्य माल म्हणजे बसचे 'नकल'. पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो मनगटाएवढा जाड लोखंडी भाग. तो तुटला तर बसला ब्रेक असून उपयोग नाही, स्टिअरिंग असून उपयोग नाही. बस बनवणाऱ्या एका कंपनीला आम्ही ते पुरवत असू. मागणी वाढली, आणि साहेबांनी मॅडमना सांगितलं, एका पेटीत दोन नग निघतात, तिथे चार काढा.

मॅडमनी दोन महिने घेतले. संगणकावर रस वाहवला, प्लास्टिकच्या पेटीत पाणी वाहवलं, मगच लोखंड. चाचणीचे आठ नग कापले, आठही आतून आरशासारखे. त्या सकाळी मी तिथेच होतो. मॅडमच्या कानाला फोन होता, पलीकडे बसच्या कंपनीचे लोक. कुंडलिक काका घाम पुसत आले आणि म्हणाले, "बाई, ह्या पेटीतल्या वाटा बारीक झाल्यात. लॅडलच्या शेवटाला रस जड व्हतो. येखादी शेवटची पेटी पन बघा की कापून."

मॅडमनी फोनवर हात ठेवला. "हो काका, बघू." आणि परत फोनवर बोलू लागल्या.

कापलेले आठही नग लॅडलच्या पहिल्या दोन पेट्यांतले होते. ऊन, पातळ, धावत्या रसाचे. हे मला माहीत होतं, कारण त्यांच्यावर चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. शेवटची पेटी कोणी कापली नाही. मॅडमनी आखलेलं काम, त्यात मी काय शंका काढायची? मी सही केली.

अकरा दिवस त्या पद्धतीने माल निघाला. मग यंत्रातल्या दुसऱ्याच कुठल्यातरी बिघाडामुळे ती पद्धत थांबवून आम्ही तात्पुरते जुन्या दोन नगांवर आलो. आणि काही आठवड्यांनी एका मंगळवारी सकाळी एक खोकं आलं. त्यात दोन तुकडे झालेला नकल होता.

बस पेट्रोल पंपात वळत असताना पुढचं चाक आडवं पडलं होतं. वेग नव्हता, कोणाला खरचटलंही नाही. मॅडमनी तुकडा खिडकीपाशी नेला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ धरला. तुटलेल्या भागावर नव्या लोखंडाची राखाडी खडबडीत चमक होती. एका कोपऱ्यात मात्र अंगठ्याच्या नखाएवढा काळा, गुळगुळीत पट्टा. त्या किती वेळ बघत होत्या ते मी सांगू शकणार नाही. मग त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला आणि जवळच्या खुर्चीत न बसता खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"शेवटची पेटी," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या केबिनमध्ये त्या गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं. "अकरा दिवसांचा सगळा माल थांबवायचा. गोदामात आहे तो, त्यांच्याकडे आहे तो, आणि रस्त्यावर आहे तोही."

साहेबांनी तुकडा उलटासुलटा केला. "एक तुटला म्हणजे सगळे तुटणार, असं पुस्तकात आहे का?"

"पुस्तकात नाही. तुमच्या हातात आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोन मिनिटं पंख्याकडे बघितलं आणि फोन उचलला. नगावर ओतल्याच्या दिवसाचा उठावाचा खूण-अंक असायचा, म्हणून तो माल शोधणं शक्य झालं. पेटी पहिली की शेवटची, हे मात्र नगावरून कळणार नव्हतं. म्हणजे सगळेच तपासायचे. बहुतेक माल अजून गोदामातच होता. तुटलेली सोडून सात बस मात्र रस्त्यावर उतरल्या होत्या. बुधवार संध्याकाळपर्यंत सहा सापडल्या. कोणी वाघोलीत, कोणी भोसरीत, जिथे असेल तिथे उभी करून तपासली. दोन बसमध्ये रेघ निघाली. सातवीचा मालक फोन उचलत नव्हता.

गुरुवारी सकाळी नऊला त्याने उचलला. बस सहलीला गेली आहे म्हणाला. सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठ नागरिकांचा ग्रुप आहे, सहाला निघाले. वाईला गणपतीचं दर्शन, तिथेच जेवण, मग पाचगणी. ड्रायव्हर फोन गाडीच्या कप्प्यात ठेवून देतो, सहल संपेपर्यंत घेत नाही, शिस्तीचा माणूस आहे.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "पाचगणी म्हणजे पसरणीचा घाट."

साहेबांनी त्यांच्या गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली.

त्या प्रवासात मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. मांडीवर तपासणीचे तीन डबे घेऊन बसल्या होत्या. दर पाच मिनिटांनी ड्रायव्हरचा नंबर लावायच्या, पूर्ण वाजू द्यायच्या, बंद करायच्या. खंबाटकी घाट लागला तेव्हा त्यांनी काच खाली केली. ती बस याच रस्त्याने आमच्या आधी चढून गेली होती. प्रत्येक वळणावर मॅडम बाहेर वाकून कठड्याकडे बघत होत्या. कठडा कुठे तुटला आहे का, खाली कुठे लोक जमलेत का. त्या काय शोधताहेत ते कळल्यावर मीही कठड्याकडे बघू लागलो. एका वळणावर चार-पाच माणसं दरीकडे तोंड करून उभी होती. मी गाडी हळू केली. ती माणसं फोटो काढत होती.

वाईत जेवणाच्या हॉटेलबाहेर बस उभी दिसली तेव्हा इंजिन चालू होतं. शेवटचे दोघे आजोबा पायरी चढत होते. मी गाडी थांबवायच्या आत मॅडम उतरल्या आणि थेट बसच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, बाजूला व्हा," ड्रायव्हर ओरडला.

"ही बस घाट चढणार नाही."

पुढच्या खिडकीतून एक पांढरी मिशी बाहेर आली. "मग घाट खाली येणार आहे का?"

मागे हशा झाला. मॅडमनी खाली वाकून नगावरचा अंक पाहिला. अकरा दिवसांतलाच एक दिवस. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि त्या चाकाशेजारी आडव्या झाल्या. मी जॅक लावला. खरवडून रंग काढला, लाल रंगाचं औषध फवारलं. ते बारीकशा फटीतही शिरतं. दहा मिनिटं थांबायचं, पुसून घ्यायचं, वरून पांढरी पूड फवारायची. आत कुठे लाल राहिलं असेल तर ते पांढऱ्यातून हळूहळू वर येतं.

लोक उतरून भोवती जमले होते. आधी चेष्टा होती, मग तक्रार होती. एक आजी म्हणाल्या, "अहो बाई, आम्ही हवाबदलाला निघालोय, चाक बदलायला नाही." मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. डाव्या बाजूला पांढरं पांढरंच राहिलं. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. ड्रायव्हर म्हणाला, "झालं का समाधान?"

"उजवं राहिलं."

उजव्या बाजूला पूड वाळली आणि चौथ्या-पाचव्या मिनिटाला तिच्यावर एक गुलाबी छटा आली. आधी वाटलं भास आहे. मग ती गडद झाली, लांबली, केसाएवढी बारीक लाल रेघ उमटली आणि बोटभर होऊन थांबली. ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला. त्याने कानांना हात लावले.

मघाचे मिशीवाले आजोबा काठी टेकत कष्टाने वाकले. "हे काय आहे?"

"तिथे लोखंड लोखंडाला चिकटलेलंच नाही," मॅडम खालूनच म्हणाल्या.

"कोणाची चूक?"

"माझी."

आजोबा सरळ झाले. त्यांच्याकडे उत्तर असणार याची मला खात्री होती. त्या पेठेत माणसाला असं मोकळं सोडत नाहीत. पण ते वळून बाकीच्यांना म्हणाले, "चला, सामान उतरवून घ्या. कोणी काही बोलायचं नाही."

दुसरी बस येईपर्यंत आम्ही थांबलो. परतताना बोगद्यात शिरल्यावर मॅडम बोलल्या. हात लाल झालेले, धुऊनही निघाले नव्हते.

"कुंडलिक काका म्हणाले होते."

"हो मॅडम."

"तुम्ही ऐकलं होतं?"

"हो."

"मग काऊन नाही बोलले तुम्ही?"

"मॅडम, तुम्ही केलेलं म्हटल्यावर..."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मी त्यांना फोनच्या नादात बघू म्हटलं, आणि तुम्ही माझ्याकडे बघून सही केली. ऐकलं फक्त लोखंडाने." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बोगद्याच्या भिंतीशिवाय तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसच्या कंपनीचे लोक चौकशीला येणार होते. सकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. कुंडलिक काकांनाही बोलावलं होतं, पण ते बाहेर बाकावर बसले होते. केबिनच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती.

"त्यांना एक नाव लागेल," साहेब म्हणाले. "मी सरळ बोलतो. गार रस ओतू नये, ही जबाबदारी ओतणाऱ्याची असते. कुंडलिकला निवृत्तीला एक वर्ष आहे. मी त्याला घरी बसवून पूर्ण पगार देईन, त्याच्या पोरीच्या लग्नात पहिल्या पंगतीला मी वाढीन. पण आखणीच चुकली असं निघालं, तर ते आपल्याला पुन्हा नवं काम देणार नाहीत. चारशे घरं आहेत या कारखान्यावर, मॅडम. मला एकट्याचं बघता येत नाही."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ऐकवत नव्हतं.

"जगताप, तापमानाची नोंदवही आणा," मॅडम मला म्हणाल्या.

मी आणली. मॅडमनी अकरा दिवसांची पानं एकेक करून वाचली. बोट प्रत्येक ओळीवरून फिरत होतं. "एकही पेटी मर्यादेखाली ओतलेली नाही," त्या म्हणाल्या. "मर्यादा मी लिहिली होती, जाड वाटांच्या जुन्या पेटीची. बारीक वाटांना तीच ठेवली. काकांनी सांगितल्याप्रमाणे केलं."

"उष्णतामापक कधीकधी चुकतोही," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "नोंदीही चुकतात."

ती वही सांभाळायचं काम माझं होतं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, पण प्रश्न मलाही होता.

मॅडमनी वही मिटली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. "साहेब, तीस वर्षं मी लोखंडातली घाण काढून राह्यली. आता कागदात घालायला सांगू नका."

साहेब म्हणाले, "तुम्हा वऱ्हाडातल्या लोकांना गोड बोलता येत नाही."

"तुमच्या आमटीत आहे तेवढं पुरेसं आहे."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी टेबलावरचा कोरा कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमनी तिथेच बसून लिहिलं. चाचणीत लॅडलच्या शेवटच्या पेट्या तपासल्या नाहीत, ओतणाऱ्याने सूचना देऊनही. खाली पूर्ण नाव, सही. मी तो कागद वाचला आणि त्याखाली माझीही सही केली. नग मी पास केले होते. मॅडमनी बघितलं आणि कागद साहेबांकडे सरकवला.

चौकशी तीन दिवस चालली. गिऱ्हाईक टिकलं. त्यांच्या माणसाने जाताना साहेबांना सांगितलं म्हणे, की सातवी बस तुम्ही शोधलीत म्हणून. पण एक अट घातली: त्यांच्या कुठल्याही कामाला गावंडेंनी हात लावायचा नाही. आमचा निम्म्याहून जास्त माल त्यांचाच. त्यामुळे मॅडमना प्रशिक्षणाच्या खोलीत टेबल मिळालं. मला एक लेखी ताकीद मिळाली आणि मी होतो तिथेच राहिलो.

ती खोली शॉपपासून लांब होती. तिथे ओतणाचा आवाज येत नसे. मॅडम आठ महिने तिथे बसल्या. त्यांच्याच हाताखाली शिकलेले दोन इंजिनिअर कँटीनमध्ये त्यांना बघून टेबल बदलायचे. वैर नव्हतं, पण लाज वाटायची त्यांना, आणि लाज माणसाला लांब नेते. आखणीत अडले की हेच दोघे मागच्या दाराने त्यांच्याकडे जायचे आणि मॅडम पेन्सिल काढून दाखवायच्या. कुंडलिक काका मात्र रोज पाळी संपली की त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं बसायचे. दोघं काय बोलत कोण जाणे. मी एकदा डोकावलो तर दोघंही गप्प बसलेले होते.

मुदतीच्या आधीच त्यांनी निवृत्ती घेतली. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नको म्हणून सांगितला, आणि साहेबांनी ऐकलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी मी ससाणेनगरला गेलो. त्या अकोटला मुलीकडे चालल्या होत्या. दारात टेम्पो लागला होता. मला काही मोठं बोलायचं होतं, वाटेत जुळवून ठेवलं होतं. मॅडम जिन्याच्या मधल्या वळणावर लोखंडी कपाटाच्या एका बाजूला होत्या, दुसऱ्या बाजूला कुंडलिक काका.

"उभे काय राह्यले? धरा," त्या म्हणाल्या. मी धरलं.

कपाट टेम्पोत चढलं. काका दोर आवळत होते. माझ्याकडे पाठ होती, बहुधा मी आहे हे विसरले असावेत. ते म्हणाले, "बाई, तुमी माजं नाव लिवलं असतं ना, तरी म्या काय बोललो नसतो."

मॅडम गाठ तपासत होत्या. "हाव. म्हणूनच नाही लिहिलं."

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग मॅडमनी आम्हा दोघांना पाणी दिलं, घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. "येतो," एवढंच म्हणाल्या.

टेम्पो शंभर पावलं गेला आणि रेल्वेचं फाटक पडलं. आम्ही दोघं रस्त्यातच उभे राहिलो. जावं की थांबावं कळेना. मॅडमनी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागच्या सामानाकडे बघितलं, कपाट जरा कललं होतं, आणि त्या ड्रायव्हरला काहीतरी सुनावू लागल्या. शब्द ऐकू येत नव्हते, हात तेवढा दिसत होता. ड्रायव्हर शेवटी मुकाट्याने खाली उतरला आणि त्याने गाठ परत बांधली. मालगाडी गेली. फाटक उघडलं, दोन्ही बाजूंच्या दुचाकी एकमेकींत घुसल्या, आणि त्या गर्दीतून तो टेम्पो, कोणाला न टेकता, अगदी हळू पलीकडे गेला.